सोसायटीच्या पत्त्यावर

परंडा,
११ ऑक्टोबर १९८३

प्रिय आयुब,

तुझं पत्र काल पोचलं. खुशालीच्या दोन ओळी लिहून तिसऱ्या ओळीत तू सरळ विचारलं आहेस, की तुझ्या भावाच्या, चाँदपाशाच्या व्हिसाचं रजिस्टर पाकीट विणकर सोसायटीच्या पत्त्यावर धाडलं होतं ते मिळालं का, आणि मिळालं असेल तर पोच का नाही. उत्तर देतो. पण मला सरळ लिहायला येत नाही हे तू चौथीपासून जाणतोस. गुरुजींनी गाईवर निबंध सांगितला की मी गोठा कुणी बांधला तिथून सुरुवात करायचो आणि घंटा होईपर्यंत गाय काही यायची नाही. आजही तसंच होणार. आज दुपारी सोसायटीत कुणी नाही. मी दार लोटून बसलोय आणि सगळं लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.

आधी घरचं. तुझ्या अम्मीची, मैमुना चाचींची तब्येत ठीक आहे. तुझ्या पैशातून पडलेल्या स्लॅबखाली त्या अजून झोपत नाहीत. म्हणतात, डोक्यावर एवढं ओझं असल्यावर झोप कशी लागंल. पुढच्या पत्र्याच्या पडवीतच खाट टाकतात. स्लॅबच्या खोलीत तुझा टू-इन-वन रेडिओ-टेप क्रोशाचा रुमाल पांघरून बसलाय आणि पाहुणे आले की तेवढा त्याचा रुमाल निघतो. चाँदपाशाची लेक आता बोलायला लागलीय, भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडं बोट करून बडे अब्बा म्हणते. यंदा मोहरम आणि नवरात्र एकाच आठवड्यात आलंय, त्यामुळे गल्लीत एका टोकाला ताबुताचे कागद चिकटवणं चालू आहे, दुसऱ्या टोकाला घटाच्या माळा, आणि दोन्हीकडं आपला श्रीपती पुढं पुढं करतोय. तुळजापूरच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नाही. पाऊस गेल्या सालापेक्षा बरा झाला, पण आमच्या आडाचा तळ अजून दिसतोच.

पाण्याचं लिहिलं की मला बहात्तर साल आठवतं. तुलाही आठवत असणार, तिकडं वाळूत राहून तर जास्तच. माग बंद पडले आणि आपण दोघं तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलो. विणकराची बोटं ती, तिसऱ्या दिवशी तुला हातोडा धरवेना आणि तू मुकादमाला सांगितलंस की मी देवाच्या नावानं एक दिवसाचा उपास धरलाय, हातात लोखंड घ्यायचं नाही. मुकादम हिंदू, त्याला खरं वाटलं. सुट्टीत सुकडी खायचो. रेशनवर तो अमेरिकेचा लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही, म्हणून तुझ्या अब्बांनी डोकं चालवून त्या पिठाची खळ केली. ती सुताला लावली तर उभ्या सुताचा सगळा ताणा तांबूस झाला. त्या वर्षी परंड्याच्या बाजारात फिकट गुलाबी पंचे खपले आणि लोकांना वाटलं नवीन फॅशन आली. कुठल्या तरी दूरच्या देशाशी सरकारचं काही ठरतं आणि इथं आपल्या पंच्याचा रंग बदलतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा हसलो होतो.

मग सरकारी मदतीनं सोसायटी निघाली, माग सोसायटीचे झाले, मी सेक्रेटरी झालो, आणि अठ्ठ्याहत्तरला तू दुबईला गेलास. तू गेलास त्याचा मला राग आला नाही. अब्बांचं आजारपण, बहिणीचं लग्न, सगळं मी डोळ्यांनी पाहत होतो. राग आला तो तू पहिल्यांदा सुट्टीवर आलास तेव्हा. मला काय आणलंस? टॉवेल. जन्मभर टॉवेल विणणाऱ्या माणसाला हजार कोसांवरून टॉवेल. तुझी चांगुणा वहिनी हसून हसून खाली बसली. तो टॉवेल मऊ होता, हे कबूल करतो. आमच्या घरात तो अजून कुणी वापरला नाही. मी कधी कधी पेटीतून काढतो, उलटा करून त्याचा काठ बघतो आणि परत ठेवतो. काठात एक धागा इकडचा तिकडं नाही. मला तो आवडतो की त्याचा हेवा वाटतो, हे मला सांगता येत नाही.

तुझ्यानंतर गल्लीतले एकेक गेले. तूच नेलेस. मी दोष देत नाही, ज्याचा त्याचा व्हिसा आला तेव्हा मीच पेढे वाटले, आणि पाकिटंही सगळी माझ्याच हातून गेली. आपल्या गल्लीत घरांना नंबर नाहीत, म्हणून पहिल्यापासून सगळ्यांचं रजिस्टर टपाल सोसायटीच्या पत्त्यावर येतं आणि महालिंगप्पा पोस्टमन माझी सही घेऊन जातो. पाच वर्षांत अकरा माणसं गेली. अकरा घरं सुधारली हेही खरं. पोरं शाळेत बूट घालून जातात, बायका दवाखान्याला बार्शीला जातात, पूर्वी अंगारा लावून पडायच्या. पण मी दोन खोल्यांसाठी एसटी स्टँडमागची जागा बघून ठेवली होती ना, तिचा भाव तुमच्या पैशानं इतका चढला, की आता मी तिकडून जाताना मान वळवून जातो. गुलाबनं माग सोडून गवंडीकाम धरलं, कारण तुमची घरं बांधायला माणूस मिळत नाही. त्याला मजुरी माझ्यापेक्षा चांगली मिळते. म्हणजे जे गेले त्यांचं बरं झालं, गुलाबचंही झालं. मग वाईट कुणाचं झालं म्हणून शोधायला जावं, तर मी दाखवू शकतो अशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे पांजणी.

तू पाच वर्षांत विसरला नसशील, पण तिथल्या तुझ्या दोस्तांना सांगून बघ, कुणाला समजणार नाही. गल्लीभर ताणा पसरायचा, बांबूच्या कैच्यांवर ताणून धरायचा, ज्वारीची खळ लावायची आणि दोन्ही बाजूंनी चार-चार जणांनी कुंचे घेऊन एका चालीनं जायचं. उन्हं तापायच्या आत, खळ ओली आहे तोवर. आठ माणसं म्हणजे आठच. सात असली की एका जागी खळ वाळून गोळा होते आणि मागावर तिथंच धागा तुटतो. विणायला माणूस एकटा बसला तरी चालतं, पण पांजणीला गल्ली लागते. आमच्याकडं कोंडिबा तात्यांसकट पाच पुरुष उरले होते: मी, तात्या, श्रीपती, त्याचा भाऊ आणि तुझा चाँदपाशा. पाच माणसांत पांजणी होत नाही, म्हणून जे गेले नाहीत त्यांचेही माग बसले. जाणारा आपला एकट्याचा हात घेऊन गेला असं त्याला वाटतं. आम्हा राहिलेल्यांचे हात निम्मे होतात हे त्याला दिसत नाही, आणि मलाही तेव्हा दिसलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच, गेल्या वैशाखात, हातमागाचे साहेब धाराशिवहून जीपनं आले. म्हणाले, आपल्या सरकारचा युरोपातल्या देशांशी कापडाचा करार आहे. गिरणीचा माल किती धाडायचा त्याला हद्द घातलीय, कारण जास्त गेला तर तिथल्या गिरण्यांतली माणसं घरी बसतात. हातमागाच्या मालाला मात्र हद्द नाही, फक्त तपासनिसानं शिक्का मारून द्यायचा, की हे हातानंच विणलंय. तीन हजार टॉवेल दिवाळीपर्यंत द्या, नाहीतर बंद मागांची सोसायटी सरकार किती दिवस पोसणार, माग उचलून दुसरीकडं देऊ. कोंडिबा तात्यांनी विचारलं, "त्यांच्याकडं हात न्हाईत व्हय?" साहेब हसले. मी नाही हसलो. तिथल्या कुणा माणसाची नोकरी टिकावी म्हणून करार होतो, त्या करारामुळं माझ्या हाताला किंमत येते, आणि ती येते तेव्हा माझ्या गल्लीतले हात तुझ्याकडं दुबईत भिंती उभारत असतात. मी रोज या धाग्याचं टोक शोधतो. कुणी चुकलं म्हणावं तर कुणीच चुकलेलं नाही. तू शहाणा आहेस, चार देशांची माणसं बघतोस, तुला उमगलं तर कळव.

आता जे लिहितोय ते लिहू नको असं चाचींनी मला बजावलेलं आहे. पांजणीला आठ कुठून आणायचे यावर आम्ही पाच पुरुष पारावर बसून चार दिवस चर्चा करत होतो. पाचव्या दिवशी मैमुना चाची पडवीतून उठल्या, पदर खोचला आणि भिंतीवरचा तुझ्या अब्बांचा कुंचा काढला. बायका घरात सुताच्या कांड्या भरतात, गल्लीत उतरून पांजणी करत नाहीत, हे मी त्यांना सांगू लागलो तर म्हणाल्या, "पुरुष हायती का गल्लीत? असतील तर म्या बसते." त्यांच्यामागं चांगुणा आली, तिच्यामागं श्रीपतीची बायको. झाले आठ. पहिल्या दिवशी बाजारातली माणसं कोपऱ्यावर थांबून बघत होती. चाचींनी त्यांना दोन शब्द ऐकवले, ते इथं लिहिता येत नाहीत. तुझ्या आईचं वय बासष्ट आहे, आयुब. दर पत्रात त्या माझ्याकडून तुला लिहवून घेतात की मी आरामात हाय, खाटेवर बसून हाय. ते मी लिहितो आणि तिकीट लावतो, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या माझ्या समोर ताण्याच्या पलीकडे कुंचा घेऊन उभ्या असतात. त्यांची चाल माझ्यापेक्षा चांगली आहे. आणि खरं सांगू? गेल्या पाच वर्षांत मी त्यांना इतकं बोलताना, चिडताना, जेवताना पाहिलं नव्हतं. तू पैसे धाडून त्यांना आराम दिलास तो मोठाच, पण त्या त्यात वाळत चालल्या होत्या. हे लिहिताना मला लाज वाटतेय, कारण मी त्यांच्या मेहनतीवर सोसायटी चालवतोय आणि वर त्यांचंच भलं होतंय म्हणून सांगतोय.

दोन हजारांवर टॉवेल झालेत. अजून तीन आठवड्यांच्या पांजण्या बाकी. सोलापूरचा व्यापारी सिद्रामप्पा मधे येऊन म्हणाला, यंत्रमागाचे हजार टॉवेल आणून देतो, काठ थोडा वाकडा करून देतो, वर शिक्का हाताचाच मारून घ्या, कुणाला कळतंय. मी नको म्हणालो. मोठा प्रामाणिक म्हणून नव्हे. हाताचं म्हणून कुणी पहिल्यांदाच मागून घेतंय, तिथंही हाताचं द्यायचं नाही तर मग मी इतकी वर्षं इथं कशासाठी राहिलो, असं वाटलं. सिद्रामप्पा जाताना म्हणाला, "तुमचा एक जरी मानूस गेला तर काय करताल?" मी म्हणालो, कुणी जात नाही. तेव्हा चाँदपाशा शेजारीच उभा होता. तो खालच्या मानेनं कुंच्याला चिकटलेली खळ काढत राहिला.

तुझा भाऊ तुझ्यासारखा नाही. तू मागून घेतोस, तो वाट बघतो. श्रावणापासून रोज सकाळी पांजणी संपली, हात धुतले की विचारतो, "गोरोबादा, भाईचं काय आलं का?" एवढंच. मी नाही म्हणालो की मान हलवून मागावर जातो. त्याच्या हातासारखा काठ आज गल्लीत कुणाचा येत नाही, तपासनिसानं त्याचा टॉवेल वेगळा काढून साहेबांना दाखवला होता. मला वाटलं होतं, हे त्याला सांगितलं की तो खूश होईल आणि विचारायचं सोडेल. खूश झाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. त्याला लेक आहे, त्याला तुझ्यासारखं बहिणी-भाच्यांना काही आणून द्यायचंय, त्याला एकदा विमानात बसायचंय. त्याची चूक काय? तो थांबला तर आम्हा सात जणांचे हात चालतात आणि त्याचं एकट्याचं अडतं. तो गेला तर त्याचं एक घर उठून उभं राहतं आणि आम्ही सात बसतो. मी रात्रंदिवस ही बेरीज करतो, आणि ती दर वेळी निराळी येते, कारण बेरीज करणारा मी त्या सातांतला एक आहे.

तर आयुब, पाकीट मिळालं. बावीस सप्टेंबरला मिळालं, एकोणीस दिवस झाले. महालिंगप्पानं दिलं, मी सही केली, आणि या टेबलाच्या खणात तपासनिसाच्या शिक्क्यांच्या कागदाखाली ठेवलं. पहिल्या दिवशी ठरवलं होतं, उद्याची पांजणी झाली की देऊ. मग परवाची. मुंबईला पंधरा ऑक्टोबरच्या आत पोचलं नाही तर तो कागद रद्दी आहे, हे तू पाकिटावर बाहेरूनच लिहिलेलं मी वाचलंय आणि तरी ठेवलंय. एकोणीस सकाळी मी तुझ्या भावाच्या तोंडाकडं बघून नाही म्हणालो. मी त्याला चोरलं, दुसरा शब्द नाही. आज सकाळी पांजणी संपल्यावर चाची कुंचा धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गोरोबा, पाकीट किती दिवस ठेवायचं?" महालिंगप्पानं त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं. एकोणीस दिवस त्यांना ठाऊक होतं आणि त्या माझ्यासमोर उभ्या राहत होत्या. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या, "तू ठिवलंस, म्हून म्याबी ठिवलं. एक पोरगं तरी दारात दिसत हुतं. पर आता त्येच्या तोंडाकडं बघवत न्हाय." मग आम्ही दोघं मिळून ते पाकीट त्याला दिलं. त्यानं उघडायच्या आधी परंड्याच्या टपाल शिक्क्यावरची तारीख वाचली, बराच वेळ वाचली. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यानं एवढंच विचारलं, की कुर्डुवाडीची गाडी उद्या दुपारची आहे, तर उद्याची पांजणी थोडी लवकर लावता येईल का. हे त्यानं मला माफ केलं की जन्माचं लाजवलं, मला कळत नाही, आणि विचारायला तोंड नाही. उद्या आम्ही आठ असू, परवापासून सात. पुढं टॉवेल कसे व्हायचे ते मला ठाऊक नाही. तो दुबईत उतरेल तेव्हा त्याच्या नखांत खळ असेल, ती घासून काढायला लावू नकोस, आपोआप जाते. आणि तू शेवटी जे लिहिलं आहेस, की पुढचा नंबर तुझाच, गोरोबा, त्याचं उत्तर मला आज हो म्हणून देता येत नाही आणि नाही म्हणूनही देता येत नाही. फक्त एवढं कर. माझा व्हिसा धाडलास तर सोसायटीच्या पत्त्यावर धाडू नकोस. तिथलं टपाल मी घेतो.

तुझाच, तोंड लपवून बसलेला,
गोरोबा